महाराजांनी सांगितलेला पूर आलाच नाही. आता मावशीशी काय बोलू?

मुठाकाठी | ३ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

विषय घरगुती आहे, पण इथे सगळ्या प्रकारची मंडळी आहेत म्हणून टाकतोय.

माझी मावशी, वय ६८, निवृत्त शिक्षिका, सिंहगड रस्त्याला नदीच्या अंगाला राहते. बाई अत्यंत काटेकोर. कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडते आणि अर्ध्या लिटरचा हिशोब चुकला तर दूधवाल्याला दारात उभा करते. गेल्या वर्षी २५ जुलैला पहाटे एकतानगरीत पाणी शिरलं, ते तिने गॅलरीतून पाहिलं. तेव्हापासून पाऊस लागला की तिला झोप नाही. इथवर मी समजू शकतो.

यंदा मे महिन्यात तिला एका महाराजांचे व्हिडिओ सापडले. (नाव विचारू नका, त्यांना फुकटची जाहिरात नको.) महाराजांना 'दिसतं'. दीप अमावास्येच्या आत पुण्यावर पानशेत धरणफुटीहून मोठं पाणी येणार, असं त्यांना दिसलं. मावशीने मुदत ठेव मोडून ५१ हजारांचं अनुष्ठान लावलं. मग मला बोलावून गव्हाची कोठी, पापडांचे डबे, शिलाई मशीन, इन्व्हर्टरची बॅटरी, सगळं माळ्यावर चढवून घेतलं आणि स्वतः वाईला दिरांकडे जाऊन बसली. माझी कंबर अजून धरलेली आहे.

२४ जुलै, दीप अमावास्या. आमच्याकडे रात्रभर नुसती भुरभुर. पार्किंगमध्ये टायर भिजेल एवढंही पाणी नाही.

मला वाटलं, आता हिचे डोळे उघडतील. महाराजांचा नवा व्हिडिओ आला: "अनुष्ठानाच्या बळावर पाणी वळवलं." त्यात ३० जुलैला रशियात कामचाटकाजवळ ८.८ चा भूकंप होऊन त्सुनामीचे इशारे निघाले. झालं! "बघा, कुठे वळवलं ते!" मावशीची श्रद्धा दुप्पट. मला म्हणते, "तुझी कंबर सत्कारणी लागली रे."

तर प्रश्न असा, की भाकीत उघडउघड चुकल्यावरही माणूस अजून घट्ट कसा चिकटतो? आणि तिच्याशी बोलू काय?

टपरी_नं_७ | ३ ऑगस्ट, रात्री ९:५१

गटारीच्या रात्री आमच्या सोसायटीत महापूर आला होता. पाण्याचा नव्हता एवढंच. महाराजांना अर्धवट दिसलं असेल.

बंड्या_बावधन | ३ ऑगस्ट, रात्री ९:५८

हहपुवा (हसून हसून पुरती वाट). धागा शंभरी गाठणार. जागा धरून ठेवतो.

कोथरूडची_काकू | ३ ऑगस्ट, रात्री १०:२०

आधी कंबरेला शेक घ्या. कोठी रिकामी करून वर न्यायची असते हो, भरलेली नाही.

आता मुद्दा. आमच्या जाऊबाईंनी २०१२ च्या डिसेंबरात, ते माया संस्कृतीचं जगबुडी प्रकरण होतं ना, २१ तारखेचं, तेव्हा मुलाचं लग्न जानेवारीत ठरवायला नकार दिला होता. जग राहिलं तर बघू म्हणाल्या. जग राहिलं, पण तोवर हॉल गेला. शेवटी मे महिन्यात भर उन्हात लग्न. आजतागायत त्या म्हणतात, "बरं झालं थांबलो." कशाला बरं झालं, ते कुणालाच माहीत नाही.

पेठकर_आजोबा | ३ ऑगस्ट, रात्री ११:०५

मुठाकाठी, तुमच्या मावशीची भीती मला कळते. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. बांधकाम पुरं व्हायच्या आत धरणात पाणी भरलं होतं. नारायण पेठेतलं आमचं तळमजल्याचं बिऱ्हाड गेलं. पाणी ओसरल्यावर आत गेलो तेव्हा भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर दोन हात चिखलाची रेघ होती, आणि देवघराच्या जागी कुणाचा तरी पाट अडकलेला. आमचा नव्हे, दुसऱ्याच कुणाचा. त्यावर नाव होतं कोरलेलं. वडिलांनी तो माणूस दोन महिने शोधला.

आणि सात महिन्यांनी, फेब्रुवारी १९६२ मध्ये, अष्टग्रही. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार, जगाचा अंत होणार, असं देशभर बोललं जात होतं. ठिकठिकाणी यज्ञ चालू. एरवी आमच्या आजीने कुणा ज्योतिषाला ओट्यावर बसू दिलं नसतं, पण पानशेतनंतर तिचा धीर सुटलेला. तिने पितळी डब्यात दशम्या भरल्या, तिळाची चटणी, गूळ, आणि आम्हा सगळ्यांना घेऊन पर्वतीच्या पायथ्याशी ओळखीच्यांकडे दोन रात्री काढल्या. तिथे आमच्यासारखी अजून तीन बिऱ्हाडं होती. सगळी नदीकाठची! डेक्कनवरचं कुणी नाही.

तिसऱ्या दिवशी दशम्या खाऊन परत आलो. आजी वाटेत म्हणाली ते लक्षात आहे: "मेल्यांना जे झालं ते सांगता आलं नाही, आणि जे सांगितलं ते झालं नाही." पण पुढच्या महिन्यात शेजारणीने नवा ज्योतिषी आणला, तेव्हा आजी आमच्या खिडकीत बसून ऐकत होती.

निशिगंधा | ३ ऑगस्ट, रात्री ११:१८

आजोबा, दंडवत. त्या पाटाचा मालक सापडला का?

पेठकर_आजोबा | ३ ऑगस्ट, रात्री ११:३१

नाही. पाट अजून माझ्याकडे आहे.

टपरी_नं_७ | ४ ऑगस्ट, सकाळी ८:०२

दशम्या दोन दिवस टिकतात?

कोथरूडची_काकू | ४ ऑगस्ट, सकाळी ८:४०

दुधात भिजवल्या तर आरामात तीन. पाणी घालायचं नाही, तेलाचं मोहन आणि...

संपादक मंडळ | ४ ऑगस्ट, सकाळी ९:१५

काकू, पाककृतीचा विभाग वेगळा आहे. कृपया तिथे.

सांख्यिक | ४ ऑगस्ट, सकाळी १०:३०

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९५४ सालीच मिळालेलं आहे, आणि गंमत म्हणजे तिथेही पूरच होता.

शिकागोजवळ एक गृहिणी होती. तिला परग्रहावरून संदेश येत. २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार आणि आपल्या गटाला उडती तबकडी येऊन नेणार, असा संदेश आला. काहींनी नोकऱ्या सोडल्या. लिऑन फेस्टिंगर नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी भक्त असल्याचं भासवून त्या गटात शिरले, कारण त्यांना बघायचं होतं की तारीख टळल्यावर काय होतं.

मध्यरात्र उलटली. तबकडी नाही. लोक सुन्न. पहाटे बाईंना नवा संदेश आला: या छोट्या गटाने रात्रभर एवढा प्रकाश पसरवला, की देवाने जगाला वाचवलं. तुमच्या महाराजांचं 'पाणी वळवलं' शब्दशः हेच आहे. आणि खरी मजा पुढे. तोवर हा गट वर्तमानपत्रवाल्यांना टाळत होता. संदेश आल्यावर त्यांनीच फोन फिरवून बातमी द्यायला सुरुवात केली.

कारण सरळ आहे. नोकरी सोडलेल्या माणसाला 'मी मूर्ख ठरलो' हे गिळण्यापेक्षा 'मी जग वाचवलं' हे गिळणं सोपं. याला कॉग्निटिव्ह डिसोनन्स म्हणतात. मावशींचे ५१ हजार गेलेत आणि व्याजही बुडालंय. फुकट ऐकलं असतं तर २५ तारखेला विसरल्या असत्या.

मुठाकाठी | ४ ऑगस्ट, सकाळी ११:०४

बाप रे. म्हणजे माझी कंबरही त्यांच्या भांडवलात जमा.

पंचांगी | ४ ऑगस्ट, दुपारी १२:४५

मी गेली तीस वर्षं हौस म्हणून पत्रिका पाहतो, एक पैसा घेत नाही. अशा महाराजांचा मलाही राग आहे. 'मला दिसतं' म्हणणारा माणूस आणि ज्योतिषशास्त्र यांची गल्लत करू नका. पंचांगात दिलेलं ग्रहण मिनिटाला मिनिट जुळतं की नाही? ते थोतांड आहे का? बुवाबाजी झोडपायच्या निमित्ताने सरसकट सगळ्यांना सोलून काढायची इथे फॅशन झाली आहे.

सांख्यिक | ४ ऑगस्ट, दुपारी १:१०

पंचांगी काका, ग्रहण जुळतं ते गणित. ते खगोलवाल्यांचंही जुळतं. गणिताची पत दाखवून फलिताने, म्हणजे भविष्य सांगण्याने, उधारी करू नये, एवढंच म्हणणं.

आणि फलिताची परीक्षा आपल्या पुण्यातच झालेली आहे, २००८ साली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनवाले डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी मिळून केली. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. शंभर शाळेतल्या हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या शाळांतल्या. ज्योतिषांना आवाहन केलं: प्रत्येकी ४० पत्रिका पाठवतो, कुठली कोणत्या गटातली ते सांगा. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. सगळ्यांत जास्त मिळवणाऱ्याला ४० पैकी २४. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका पाहिल्या, त्यांच्या १०२ बरोबर आल्या.

नारळीकर सर मे महिन्यातच गेले. इथल्या किती जणांना ही चाचणी माहीत होती?

बंड्या_बावधन | ४ ऑगस्ट, दुपारी १:१६

छापाकाटा केला असता तर ५० आले असते. तेही दक्षिणा न देता.

पंचांगी | ४ ऑगस्ट, दुपारी २:३०

चाचणी माहीत आहे. आक्षेपही माहीत आहेत. मुलांच्या जन्मवेळा कितपत अचूक होत्या? आणि नुसत्या पत्रिकेवरून बुद्धी ठरवावी असं कुठला जाणता ज्योतिषी म्हणतो? देश, काल, आईवडील पाहावे लागतात.

सांख्यिक | ४ ऑगस्ट, दुपारी ४:०५

(१ ते ४ आराम करून आलो.)

जन्मवेळेचा आक्षेप रास्त धरू. पण मग तुमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाची वेळ तुम्ही कुठून आणता? तीही आईनेच सांगितलेली असते ना? आणि ज्या २७ जणांनी उत्तरं पाठवली, त्यांना हे जमणार नाही असं वाटत होतं तर त्यांनी भाग का घेतला? पेपर सोडवायला बसायचं आणि निकाल लागल्यावर म्हणायचं की विषयच अभ्यासक्रमात नव्हता!

पंचांगी | ४ ऑगस्ट, सायंकाळी ५:२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

निशिगंधा | ४ ऑगस्ट, रात्री ९:१२

माझ्या आजोळी एक वैदू होता. गरोदर बाईला ठामपणे सांगायचा, "मुलगा होणार." आणि तिच्यासमोरच वहीत काहीतरी लिहून ठेवायचा. मुलगा झाला तर पेढे, धोतरजोडी. मुलगी झाली आणि कुणी जाब विचारायला गेलं तर वही उघडायचा. वहीत 'मुलगी' लिहिलेलं! "बाई, तू ऐकलंस चुकीचं. मन दुखू नये म्हणून मी हळू बोललो."

आजी म्हणायची, वैदूला मुलांचं काही कळत नव्हतं, पण बायकांचं चांगलं कळत होतं. मुलगी झाली म्हणून भांडायला येण्याची ताकद किती घरच्या बायकांत असणार होती?

परदेशी_पाव | ४ ऑगस्ट, रात्री ९:४०

याची अमेरिकन आवृत्ती म्हणजे जीन डिक्सन. १९५६ मध्ये एका मासिकात तिचं भाकीत छापून आलं: १९६० ची निवडणूक डेमोक्रॅट जिंकेल आणि तो पदावर असताना मरेल. केनेडींचा खून झाल्यावर बाई जगप्रसिद्ध. पण १९६० मध्ये तिनेच 'निक्सन जिंकणार' असंही सांगून ठेवलं होतं. ती वही कुणी उघडली नाही. दोन्ही बाजूंना पैसे लावायचे आणि जिंकलेलं तिकीट तेवढं फ्रेम करायचं.

पर्थवाली_पुणेकरीण | ५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

इतक्या गप्पा आणि स्कायलॅब, ती नासाची कोसळलेली अंतराळ प्रयोगशाळा, कुणीच काढलं नाही? जुलै १९७९. मी तिसरीत, टिळक रस्त्यावरच्या वाड्यात. बाईंनी वर्गात सांगितलं होतं की स्कायलॅब पडणार, आणि मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या मैदानाऐवजी जिन्याखाली डबा खाल्ला. खेडोपाडी लोकांनी कोंबड्या-बकरी कापून खाल्ली, 'मरायचंच आहे तर' म्हणून.

ते भारताच्या घड्याळात रात्री दहाच्या सुमारास पडलं. इथे ऑस्ट्रेलियात, पर्थच्या घड्याळात मध्यरात्र उलटलेली, म्हणजे तारीख १२ जुलै. पेठकर आजोबांना ती तारीख वेगळ्या कारणाने पाठ असेल. नशिबाचा खेळ बघा, लग्न होऊन मी आले ती नेमकी ते पडलेल्या राज्यात. एस्परन्स नावाच्या गावच्या संग्रहालयात त्याचे तुकडे ठेवलेत. मी काचेला नाक लावून पाहिले. गावच्या पालिकेने तर नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला होता! गंमत म्हणून, पण ठोठावला.

टपरी_नं_७ | ५ ऑगस्ट, सकाळी ७:४४

पुणेरी पाटी आहे ही. "येथे उपग्रह टाकू नये. टाकल्यास हवा काढली जाईल."

ढगाळ | ५ ऑगस्ट, सकाळी ९:००

एक प्रामाणिक शंका. महाराजांना झोडपताय ते ठीक, पण आपल्या शिवाजीनगरच्या वेधशाळेचं, म्हणजे सिमला ऑफिसचं, काय? त्यांनी पाऊस सांगितला की आमचे वडील छत्री घरी ठेवायचे. चुकलेल्या अंदाजांची यादी करायची तर पहिला नंबर सिमला ऑफिसचा लागेल.

मान्सूनमित्र | ५ ऑगस्ट, सकाळी १०:५०

ढगाळ, यादी करूच. करता येते हाच तर मुद्दा.

२००२ मध्ये हवामान खात्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला, पडला ८१ टक्के. मोठा दुष्काळ. तेव्हा त्यांचं सोळा घटकांचं मॉडेल होतं. पुढच्याच वर्षी ते बाजूला ठेवून नवं आणलं. २००९ मध्ये पुन्हा फसले: एप्रिलमध्ये ९६ टक्के म्हणाले, जूनमध्ये ९३ वर आणलं, प्रत्यक्षात ७८. हे आकडे मला कुठून मिळाले? खात्यानेच छापलेत. अंदाज देतानाच 'इतके टक्के इकडेतिकडे होऊ शकतं' हेही लिहिलेलं असतं.

आता महाराजांच्या गेल्या पाच वर्षांतल्या भाकितांची यादी मागून बघा. चुकलेले व्हिडिओ उडवलेले असतात.

ढगाळ | ५ ऑगस्ट, सकाळी ११:१५

मान्य. तरी छत्री नेणार नाही.

शिवारातला | ५ ऑगस्ट, दुपारी ३:३०

मी मूळचा बुलढाण्याकडचा, आता हडपसरला. आमच्याकडे भेंडवळची घटमांडणी असते. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, तिच्यावर पुरी, पापड, करंजी वगैरे. राजाच्या नावाने पानसुपारी. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे काय हललं, काय भिजलं, यावरून पाऊस, पीक, राजकारण सगळं सांगतात. हजारो शेतकरी जमतात.

काका चुकवत नाही, दरवर्षी जातो. एकदा मी विचारलं, यंदा जून चांगला सांगितलाय, मग पेरणी कधी? तो म्हणाला, "घट ऐकायचा असते. पेरायचं तर ढेकूळ फोडून पाहायचं, ओल किती खोल गेली ते."

तेव्हा ऐकणारे सगळे भोळे असतात असं धरून चालू नका. काहींना जत्रा हवी असते, काहींना वर्षाची सुरुवात झाली असं वाटायला हवं असतं. महाराजांची गोष्ट वेगळी. तिथे बी-बियाण्याचे पैसेच अनुष्ठानात गेले.

कोथरूडची_काकू | ५ ऑगस्ट, दुपारी ३:५२

शिवारातला, तुमच्या काकांना नमस्कार सांगा.

नाही_नाही_म्हणता | ५ ऑगस्ट, रात्री १०:२५

नाडीपट्टीचा, म्हणजे ताडपत्रावर आपलं भविष्य आधीच लिहिलेलं असतं म्हणतात त्याचा, अनुभव लिहितो. १९९८ साल, पुण्यातच. अंगठ्याचा ठसा दिला, चार दिवसांनी बोलावलं. समोर ताडपत्रांची जुडी. एकेक पट्टी वाचत विचारतात, हो किंवा नाही एवढंच सांगायचं. "वडिलांचं नाव चार अक्षरी?" नाही. "तीन अक्षरी?" हो. "देवाचं नाव?" हो. "शंकराचं?" नाही. पट्टी बाजूला. पुढची पट्टी. असं पाऊण तास. आणि मग एकदम 'तुमचीच' पट्टी सापडली. तीत वडिलांचं नाव, आईचं नाव, भावंडं किती, सगळं अचूक! माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

त्यांनी सगळ्याची कॅसेट करून दिली होती. घरी बायकोने ती वही-पेन घेऊन ऐकली. मी त्रेसष्ट वेळा 'नाही' म्हटलं होतं. बाकीचं मीच सांगितलं होतं, तुकड्या-तुकड्याने.

पुढचं भाकीत: बावन्नाव्या वर्षी परदेशगमन. बावन्नाव्या वर्षी माझी बदली पिंपरीला झाली.

टपरी_नं_७ | ५ ऑगस्ट, रात्री १०:२९

मग चुकलं कुठे? सदाशिव पेठेतून पिंपरी म्हणजे परदेशच. व्हिसा लागला का?

बंड्या_बावधन | ५ ऑगस्ट, रात्री १०:३३

खुर्चीवरून पडलो. टपरीभाऊ, तुमच्यावर कंबरेचा खर्च लावणार.

अर्धा_कप | ६ ऑगस्ट, सकाळी ११:४०

तुम्ही सगळे हसताय, पण नॉस्त्रेदमसचं काय? त्याने ११ सप्टेंबरचा हल्ला लिहून ठेवला होता. 'देवाच्या नगरीत मोठा गडगडाट, दोन भाऊ कोसळतील' असं काहीतरी. मी स्वतः ईमेल वाचलाय.

परदेशी_पाव | ६ ऑगस्ट, दुपारी १२:१५

अर्धा कप, तो ईमेल मीही वाचलाय, आणि तो श्लोक नॉस्त्रेदमसचा नाहीच. नील मार्शल नावाच्या कॅनडातल्या विद्यार्थ्याने तो हल्ल्याच्या काही वर्षं आधी स्वतः रचून एका निबंधात टाकला होता. कशासाठी? मोघम लिहिलं की काहीही जुळवता येतं हे दाखवायला! हल्ल्यानंतर लोकांनी त्याला शेपट्या जोडून जगभर फिरवला. बिचारा उदाहरण द्यायला गेला आणि स्वतःच भविष्यवेत्ता झाला.

उलट नॉस्त्रेदमसने ज्या मोजक्या ठिकाणी साल देऊन लिहिलं, तिथलं बघा: १९९९, सातवा महिना, आकाशातून भयाचा राजा येणार. त्या जुलैत काय आलं आठवतंय कुणाला?

कोथरूडची_काकू | ६ ऑगस्ट, दुपारी १२:२२

आमच्याकडे सासरे आले होते. पण ते एशियाडने.

परदेशी_पाव | ६ ऑगस्ट, दुपारी १२:३०

काकू, शरण.

त्या बल्गेरियाच्या बाबा वांगाचंही तेच. बाई १९९६ मध्ये गेल्या, हाताने लिहिलेलं काही मागे नाही, आणि दर डिसेंबरात त्यांची 'पुढच्या वर्षाची भाकितं' छापून येतात. तिसरं महायुद्ध २०१० च्या नोव्हेंबरात सुरू होणार होतं म्हणे.

पंचांगी | ७ ऑगस्ट, सकाळी ८:१०

दोन दिवस विचार करत होतो. त्या दिवशीचा प्रतिसाद रागात लिहिला होता म्हणून काढला.

माझ्या जुन्या वह्या आहेत. काल रात्री १९९७ ची उघडली. लोकांना काय सांगितलं ते मी लिहून ठेवायचो, पण पुढे काय झालं ते कधीच लिहिलं नाही. पेढे घेऊन आलेले लक्षात आहेत. बाकीचे परत आले नाहीत, आणि मी धरून चाललो की त्यांचं बरं चाललं असेल. सत्तेचाळीस नोंदी आहेत. त्यातल्या अकरा जणांचे फोन माझ्याकडे अजून आहेत. करावेत का, ठरत नाहीये.

सांख्यिक | ७ ऑगस्ट, सकाळी ८:४०

काका, इतकी वर्षं शिकवतोय, असं बोलणारा विद्यार्थी क्वचितच भेटला. केलेत तर इथे लिहा. नाही केलेत तरी तुमच्याबद्दलचा आदर वाढलाय.

कायद्याचं_बोला | ८ ऑगस्ट, दुपारी १:०५

पोलिसात जा, जादूटोणाविरोधी कायदा आहे ना?

मुठाकाठी | ८ ऑगस्ट, रात्री ८:३०

२०१३ चा कायदा वाचला. नुसतं भविष्य सांगणं गुन्हा नाही. चमत्काराचा दावा करून लुबाडणं त्यात येतं, पण तक्रार कुणी करायची? मावशी तर साक्षीला महाराजांच्या बाजूने उभी राहील. तिला पोलीस स्टेशनच्या बाकावर बसवायची माझी तयारी नाही.

पेठकर_आजोबा | २० ऑगस्ट, सकाळी ७:५०

धागा खाली गेला होता, वर काढतो. आज सकाळी फिरायला ओंकारेश्वराच्या पुलावर गेलो होतो. तिथे दाभोलकरांचा खून झाला त्याला बारा वर्षं झाली. त्यांना मी दोनदा ऐकलं होतं, भाषण संपल्यावर माणसं प्रश्न विचारत राहायची आणि ते थांबून उत्तरं द्यायचे. नदीला पाणी होतं. कठड्याला टेकून मुठाकाठींच्या मावशीची आठवण झाली. त्यांचं पुढे काय झालं?

मुठाकाठी | २० ऑगस्ट, रात्री १०:१५

आजोबा, बरं झालं विचारलंत. रविवारी गेलो होतो, माळ्यावरचं सामान खाली काढायला. यावेळी काकूंचं ऐकून कोठी रिकामी करून.

सांख्यिकांचं वाचून ठरवलं होतं की 'तू फसलीस' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. चहा झाला. तिने स्वतःहूनच विषय काढला. महाराजांनी नवीन सांगितलंय: अनंत चतुर्दशीच्या आत मोठा नेता जाणार, दसऱ्याच्या आत भूकंप, दिवाळीला सोनं पडणार. मी म्हटलं, "मावशी, तारखा आहेत ना? मग कालनिर्णयवर लिहून ठेवूया. मी विसरतो." तिला ते एकदम पटलं. शिक्षिका आहे, लिहून ठेवणं म्हणजे तिचा जीव की प्राण. चष्मा लावून सप्टेंबर, ऑक्टोबरच्या पानांवर बारीक अक्षरांत सगळं मांडलं. मग सवयीने मागचं पान उलटलं, जुलै. २४ तारखेच्या चौकोनात दुधाचा खाडा होता, कारण ती वाईला होती. खाली तिनेच मे महिन्यात लिहिलेलं: 'पाणी येणार. म.'

बराच वेळ ती त्या चौकोनाकडे बघत राहिली. मी काही बोललो नाही, बिस्कीट चहात बुडवून बसलो. ते बुडालं.

मग म्हणाली, "दुधाचा खाडा मी लाल पेनने मांडते. महाराजांचा कशाने मांडू?"

टपरी_नं_७ | २० ऑगस्ट, रात्री १०:१८

पेन्सिलने नको. खोडतील.

कोथरूडची_काकू | २० ऑगस्ट, रात्री १०:४०

हिरव्याने मांडा म्हणावं. आणि दूधवाल्याने त्या दिवसाचे पैसे कापले का, ते तेवढं विचारून सांगा.